जादूच्या साहित्याला कोणती मोटर बसवावी?

दुकानात जाऊन ‘बारा व्होल्टची चांगली जोरदार मोटर द्या’ म्हटलं, की दुकानदार गरजेपेक्षा दुप्पट जड आणि चौपट आवाज करणारी मोटर हातात ठेवतो. त्यात त्याचा दोष नाही, कारण आपण जोर मागितलेला असतो. जादूच्या साहित्याला मात्र जोर सहसा फारसा लागत नाही. मोटर हळू फिरावी, तिचा आवाज येऊ नये आणि ती हव्या त्या जागी बिनचूक थांबावी, या तीन गोष्टी लागतात. त्या मिळाल्या तर शाळेच्या स्नेहसंमेलनात घरच्या प्लायवूडच्या पेटीनेसुद्धा प्रेक्षकांचा श्वास रोखता येतो. त्या नसतील तर महागातली मोटरसुद्धा पहिल्या रांगेतल्या मुलाला ‘आत मशीन आहे’ एवढंच सांगते.

आपल्याकडे गणेशोत्सवातल्या हलत्या देखाव्यांमुळे मोटर, पट्टा, कप्पी यांची जाण असलेले कारागीर गावोगावी सापडतात. त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. फक्त एक फरक ध्यानात ठेवावा. देखाव्यात तीच हालचाल तासन्‌तास चालू असते आणि ध्वनिक्षेपकावरच्या निवेदनात मोटरचा आवाज बुडून जातो. जादूत हालचाल एकदाच होते, बहुतेक वेळा नेमक्या शांततेत होते, आणि प्रेक्षक तिच्याकडे संशयाने पाहत असतात. म्हणून देखाव्याला शोभणारी मोटर जादूला चालेलच असं नाही.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक ठरावीक साहित्य डोळ्यांसमोर ठेवू. टेबलावरची कुंडी रिकामी दिसते. जादूगार तिच्यावरून रुमाल फिरवतो आणि कापडी फुलांचा मोठा गुच्छ हळूहळू वर येऊ लागतो. गुच्छ, त्याची ॲल्युमिनियमची दांडी आणि टेबलाच्या आतली सरकती चौकट मिळून वजन २ किलो आहे, असं धरू. गुच्छ ६० सेंटीमीटर वर यायला हवा आणि त्याला ८ सेकंद लागायला हवेत. ८ सेकंद कागदावर थोडे वाटतात, रंगमंचावर ते भरपूर असतात. मोटर शोधण्याआधी ही हालचाल हाताने दोरी ओढून करून पाहा आणि कुणाला तरी समोर बसवून वेळ ठरवा. वेग ठरल्याशिवाय मोटर ठरत नाही.

आता हिशोब. दोरी ४ सेंटीमीटर व्यासाच्या रिळावर गुंडाळली जाणार असेल, तर त्रिज्या २ सेंटीमीटर. वजन गुणिले त्रिज्या म्हणजे ४ किलो-सेंटीमीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागेल. पण ही झाली कागदावरची गोष्ट. चौकट खाचेत घासते, कप्पी अडते, दांडी थोडी तिरकी होते. म्हणून प्रवासी सामान तोलायचा हुकाचा काटा घ्या, तो दोरीला अडकवा आणि चौकट सावकाश ओढा. २ किलोच्या जागी काटा अडीच-तीन किलो दाखवेल. हाच आकडा खरा. ३ किलो धरले तर टॉर्क ६ किलो-सेंटीमीटर होतो.

वेगाचा हिशोबही तितकाच सोपा आहे. ४ सेंटीमीटर व्यासाच्या रिळाचा एक फेरा म्हणजे सुमारे साडेबारा सेंटीमीटर दोरी. ६० सेंटीमीटरसाठी पावणेपाच-पाच फेरे, तेही ८ सेकंदांत, म्हणजे मिनिटाला साधारण ३६ फेरे. या कामाला लागणारी शक्ती काढली तर ती दोन-अडीच वॉटच्या पुढे जात नाही. मोबाइलचा साधा चार्जरसुद्धा १० वॉट देतो. गिअरमध्ये वाया जाणारा भाग धरला तरी काम छोटं आहे, आणि म्हणूनच जोरदार मोटर मागायचं कारण उरत नाही.

इथे एक सावधगिरी. मोटरच्या कागदावर ठळक छापलेला टॉर्क पुष्कळदा ‘स्टॉल टॉर्क’ असतो, म्हणजे मोटर पूर्ण अडून थांबते त्या क्षणाचा. त्या आकड्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावरच मोटरला रोज काम करू द्यावं. आपल्याला ६ लागतात, तेव्हा स्टॉल टॉर्क २० ते २५ किलो-सेंटीमीटर असलेली घ्यावी. आकडा न्यूटन-मीटरमध्ये दिला असेल तर १ न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे १०.२ किलो-सेंटीमीटर. व्होल्टेज कमी केलं की हा स्टॉल टॉर्कही त्याच प्रमाणात उतरतो, हेही धरून चाला. पुढे आपण व्होल्टेज मुद्दाम कमी करणार आहोत.

पण हा आकडा घेऊन दुकानात धावण्याआधी भार कमी करता येतो का ते पाहा. दोरीच्या दुसऱ्या टोकाला कप्पीवरून दीड किलोचं प्रतिवजन सोडलं, तर मोटरला उरलेला अर्धा किलो आणि घर्षण एवढंच ओढायचं राहतं. मोटर लहान होते आणि तिच्याबरोबर आवाज, बॅटरी, तारा सगळंच लहान होतं. जुन्या इंकजेट प्रिंटरमधल्या गुळगुळीत पोलादी सळ्या आणि त्यांवर सरकणारी चौकट भंगारात मिळते. ती वापरली तर घर्षणही कमी होतं. माझं स्पष्ट मत आहे, की घरगुती साहित्य फसतं ते मोटर कमी पडली म्हणून कमी वेळा, आणि अडणाऱ्या चौकटीला मोठी मोटर जोडली म्हणून जास्त वेळा. बोटाने ढकलल्यावर चौकट वरून खालपर्यंत न अडता सरकली पाहिजे. ती सरकत नसेल तोवर मोटरचा विचारच करू नये.

आता प्रत्यक्ष मोटरींकडे. खेळण्यातली साधी डीसी मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते आणि तिच्यात जोर नसतो. गिअरशिवाय ती आपल्या कामाची नाही. रोबोटच्या संचात मिळणारी पिवळ्या प्लास्टिकच्या गिअरची बीओ मोटर स्वस्त असते, पण खडखडते आणि तिचा प्लास्टिकचा शाफ्ट भार सोसत नाही. नमुना करून पाहायला ठीक, प्रयोगाला नको. मिक्सरची मोटर काढून बसवण्याचा मोह काहींना होतो. तिचा वेग आणि किंचाळणं दोन्ही जादूच्या विरुद्ध आहेत.

आपल्या गुच्छासाठी योग्य म्हणजे धातूच्या गिअरची १२ व्होल्टची गिअर मोटर. बाजारात तिला सर्रास ‘जॉन्सन गिअर मोटर’ म्हणतात. १० पासून १००० आरपीएमपर्यंत ती मिळते. आपल्याला ३६ फेरे हवेत, म्हणून ६० आरपीएमची घ्यावी आणि १२ ऐवजी ८ व्होल्टवर चालवावी. मोटर कमी व्होल्टेजवर शांत होते, हे या सगळ्या विषयातलं सर्वांत उपयोगी ज्ञान आहे. नेमकी हव्या तेवढ्याच वेगाची मोटर पूर्ण व्होल्टेजवर पळवण्यापेक्षा थोडी जास्त वेगाची घेऊन आरामात चालवणं केव्हाही चांगलं.

या मोटरचा एक दोष असा, की वीज बंद केली की भार तिला उलटा फिरवू शकतो आणि गुच्छ हळूच खाली बसायला लागतो. तिथे वर्म गिअर कामाला येतो. वर्म गिअरमध्ये मोटर चाकाला फिरवते, पण चाक मोटरला सहसा फिरवू शकत नाही, म्हणून वीज तोडली तरी वजन जागेवर राहतं. शिवाय सरळ दातांच्या गिअरपेक्षा तो शांत असतो. गाडीच्या वायपरची आणि काचा वर-खाली करणारी, या दोन्ही मोटरींत वर्म गिअरच असतो, आणि दोन्ही गॅरेजमध्ये किंवा पुण्याच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणी सेकंडहँड मिळतात. वायपर मोटरला बहुधा दोन वेग असतात, मिनिटाला साधारण ४५ आणि ६५ फेरे. तिची आणखी एक खुबी जादूगारांनी ओळखायला हवी. वायपर बंद केला तरी पाते काचेच्या खाली जाऊन मगच थांबते, ते आतल्या ‘पार्क’ संपर्कामुळे. म्हणजे दरवेळी त्याच जागी थांबण्याची सोय या मोटरमध्ये आधीच असते. तार ओळखून ती जोडली की मूळ जागेवर परतण्याचं काम तिच्यावर सोपवता येतं. मात्र बऱ्याच वायपर मोटरींत वीजमंडलाचं एक टोक मोटरच्या धातूच्या अंगालाच जोडलेलं असतं. मोटर उलट-सुलट फिरवायची असेल तर ती लोखंडी चौकटीवर न बसवता लाकडावर बसवावी. आणि या मोटरी अडल्या की १० अँपिअरहून बरीच जास्त वीज ओढतात, म्हणून तारा जाड हव्यात.

सर्वो मोटर वेगळ्या कामाची. खटका सोडणं, छोटं झाकण उघडणं, पाकळी हलवणं, अशा अर्ध्या फेऱ्याच्या आतल्या कामांना एसजी-९० किंवा थोडी मोठी एमजी-९९६ चांगली. पण भार धरून ठेवताना ती गुणगुणते. काम झालं की तिची वीज तोडता येईल अशी रचना करावी. स्टेपर मोटर नेमकेपणात सरस, पण साध्या ड्रायव्हरवर गुरगुरते आणि उभ्या उभ्या तापते. टीएमसी-२२०९ सारखा ड्रायव्हर लावला तर ती जवळजवळ निःशब्द होते. अर्डुइनोची सवय असेल त्यांनीच या वाटेला जावं. मायक्रोवेव्हची ताटली फिरवणारी मोटर मिनिटाला ५-६ फेरे घेते आणि फारच शांत असते, पण सुरू होताना कोणत्या दिशेने फिरेल याचा नेम नसतो आणि तिला बहुधा थेट घरची २३० व्होल्ट वीज लागते. हाताळायच्या साहित्यात ही वीज मला मान्य नाही.

आवाजाबद्दल थोडं विस्ताराने बोलायला हवं, कारण घरगुती साहित्य इथेच हरतं. हातात धरलेली मोटर शांत वाटते. तीच पातळ प्लायवूडच्या पेटीला स्क्रूने आवळली की पेटी ढोलकीसारखी बोलू लागते, कारण मोटरची थरथर लाकडात उतरते आणि लाकडाची मोठी पाठ ती हवेत पसरवते. उपाय स्वस्त आहे. मोटर आणि लाकूड यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचे तुकडे घाला, स्क्रूच्या भोकातही रबरी वॉशर घाला म्हणजे धातू लाकडाला कुठेच थेट टेकणार नाही, आणि मोटर पातळ फळीवर न बसवता जाड पट्टीवर बसवा. मोटरकडून रिळाकडे गिअरने जाण्याऐवजी रबरी पट्ट्याने गेलं तर थरथर तिथेच तुटते. पट्ट्याचा दुसरा फायदा असा, की काही अडलं तर तो घसरतो आणि साहित्य मोडण्यापासून वाचतं.

वेग कमी करण्यासाठी मिळणारे स्वस्त पीडब्ल्यूएम रेग्युलेटर बारीक शिट्टीसारखा आवाज काढतात. ते वीज सेकंदाला काही शे-हजार वेळा तोडतात-जोडतात, आणि ती वारंवारता आपल्या कानांच्या टप्प्यात येते. २० किलोहर्ट्झच्या वर चालणारा रेग्युलेटर घ्या, किंवा त्याहून सोपं म्हणजे बक कन्व्हर्टरने व्होल्टेजच कमी करा. तो विजेचे झटके मोटरपर्यंत पोचू देत नाही. संगीत मोठं लावून आवाज झाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. सभागृहातली ध्वनिव्यवस्था आपल्या ताब्यात नसते, आणि ऐन वेळी गाणं अडकलं तर गुपित उघडं पडतं. रात्री घर शांत झाल्यावर, पंखा बंद करून, साहित्य पूर्ण जोडून, २ मीटरवर बसून ऐका. तिथे ऐकू आलं नाही तर मंचावर निर्धास्त राहा.

आवाजाचा प्रश्न मुळातून सोडवायचा तर मोटर साहित्यातून बाहेर काढावी. फ्रेंच जादूगार रॉबेर-ऊदँ हा मूळचा घड्याळजी. १८५६ साली अल्जीरियातल्या त्याच्या प्रयोगांत एक छोटी पेटी होती, जी धट्टाकट्टा माणूसही उचलू शकत नसे. गुपित पेटीत नव्हतं, ते मंचाखालच्या विद्युतचुंबकात होतं. पेटीच्या तळाला लोखंड होतं. प्रेक्षकाने उचलून पाहायची वस्तू साधी ठेवायची आणि सारी यंत्रणा दूर, ही त्याची योजना आजही तितकीच कामाची आहे. आपल्या कुंडीतही काही नको. मोटर टेबलाच्या पायापाशी, जाड कापडाच्या पडद्यामागे, किंवा शक्य असेल तर विंगेत ठेवा आणि तिथून फक्त दोरी आणा. कुंडी प्रेक्षकांच्या हातात देता आली तर जादूचं अर्धं काम तिथेच होतं.

आता हालचालीचा पोत. रिळावर दोरी गुंडाळली तर गुच्छ एकदम झटका देऊन निघतो, एकाच वेगाने चढतो आणि झटक्याने थांबतो. लिफ्ट अशी चालते, जिवंत वस्तू चालत नाही. झटका घालवण्याचा जुना आणि सुंदर उपाय म्हणजे क्रँक, म्हणजे मोटरच्या शाफ्टवर आडवा दांडा आणि त्याच्या टोकाला दोरी किंवा जोडदांडी. क्रँक अर्धा फेरा फिरतो तेव्हा वस्तू अगदी हळू निघते, मध्ये वेग घेते आणि वर पोचताना पुन्हा मंद होते. कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स न वापरता हालचालीत जीव येतो. शिवाय क्रँक वस्तूला ठरलेल्या उंचीच्या पलीकडे नेऊच शकत नाही. १५ सेंटीमीटरचा दांडा वस्तू ३० सेंटीमीटर वर नेतो. ६० हवे असतील तर हलत्या कप्पीने अंतर दुप्पट करता येतं, पण तेव्हा भारही दुप्पट होतो. २ किलो थेट उचलतानाच मधल्या टप्प्यात १५ सेंटीमीटरच्या दांड्यावर ३० किलो-सेंटीमीटर टॉर्क येतो, म्हणून क्रँकसाठी वर्म गिअरची मोटर आणि प्रतिवजन, दोन्ही लागतात. वायपर मोटर इथे उत्तम. मात्र ४५ फेऱ्यांवर ती अर्धा फेरा पाऊण सेकंदाच्या आतच संपवते, म्हणून तिला ४-५ व्होल्टवर आणून आणखी पट्ट्याने मंद करावं लागतं. थोडा खटाटोप आहे, पण पहिल्यांदा गुच्छ क्रँकवर वर येताना पाहाल तेव्हा तो का करावा हे वेगळं सांगावं लागणार नाही.

रीळच वापरायचं असेल तर वर आणि खाली एकेक मायक्रोस्विच हवाच. चौकट पोचली की तो दाबला जाऊन वीज तुटते. पण वीज तुटल्यावर मोटर उलटी कशी फिरवायची? प्रत्येक स्विचला समांतर एक डायोड जोडा. तो एका दिशेची वीज अडवतो आणि परतीच्या दिशेची जाऊ देतो. ३ अँपिअरचा १एन५४०८ या कामाला पुरतो. दिशा बदलायला डीपीडीटी स्विच, मधल्या स्थितीत बंद होणारा. एवढ्यावर सगळं चालतं, प्रोग्रॅमिंग लागत नाही.

वीज बॅटरीचीच असावी. यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी जड असते, पण भरवशाची असते, आणि तिचं वजन टेबलाच्या तळाशी ठेवलं तर टेबल डुगडुगत नाही. लिथियमचे सेल हलके असतात. ते वापरायचे तर संरक्षक सर्किट असलेला तयार पॅकच घ्यावा. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवा. गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळणारा पात्याचा फ्यूज चालतो. मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर डागावा. त्यावर १०४ छापलेलं असतं. ब्रशच्या ठिणग्यांमुळे ध्वनिक्षेपकात उठणारी खरखर त्याने कमी होते, आणि रिमोट वापरत असाल तर तोही बिचकत नाही. याच ठिणग्यांमुळे आणखी एक पथ्य पाळावं लागतं. ज्या खेळात फ्लॅश पेपर किंवा स्पिरिट आहे, त्याच पेटीत ब्रशची मोटर ठेवू नये.

आता गुच्छापलीकडचं एक उदाहरण. सहकाऱ्याला उभं करून फिरवायचा गोल मंच घरी करता येतो. ६० सेंटीमीटर व्यासाची जाड तबकडी, खाली मोठं बेअरिंग, आणि तबकडीच्या कडेला टेकलेलं ६ सेंटीमीटरचं रबरी चाक. मोटर मिनिटाला ६० फेरे घेईल तेव्हा तबकडी ६ फेरे घेईल, म्हणजे १० सेकंदांत एक फेरा. त्याहून वेग वाढवू नये. रबरी चाक घसरू शकतं हा इथे गुण आहे, कारण ओढणी किंवा पाय अडकला तर तबकडी थांबते. गिअर, पट्टे आणि चाकं पूर्ण झाकलेली असावीत. मात्र माणसाला जमिनीपासून वर उचलणारं काहीही घरी बनवू नका. हौशी दुकानांतल्या मोटरी, दोऱ्या, कपलिंग त्यासाठी तपासलेल्या नसतात, आणि एक ग्रब स्क्रू ढिला झाला तरी माणूस पडतो. या बाबतीत मी कुणाचंही म्हणणं ऐकून घेणार नाही.

खरेदीला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाल तेव्हा छोटी १२ व्होल्टची बॅटरी, मल्टीमीटर आणि तुमचं रीळ बरोबर न्या. शाफ्ट बोटाने हलवून पाहा, तो बाजूला डुलत असेल तर मोटर ठेवून द्या. मग ती चालू करून दुकानाच्या लाकडी काउंटरवर टेकवा. पेटीत बसल्यावर ती कशी वाजेल ते तिथेच कळतं. दोन्ही दिशांना फिरवा, कारण काही मोटरी एका दिशेला शांत आणि दुसऱ्या दिशेला खरखरीत असतात. वर येण्यासाठी शांत दिशा वापरा, खाली जाणं पडद्यामागे होतं. शाफ्टला एका बाजूने सपाट घासलेली जागा असावी म्हणजे रिळाचा स्क्रू नीट पकडतो. आणि शक्य असेल तर तशाच दोन मोटरी घ्या, कारण पुढच्या खेपेला तोच माल मिळेलच असं नसतं.

प्रयोगाच्या दिवशी बॅटरी भरलेली, फ्यूज जादा, स्क्रू आवळलेले. आणि रिळापासून दोरीचं एक मोकळं टोक टेबलामागे हाताला लागेल असं बांधून ठेवा. पट्टा रिळावरून एका झटक्यात उतरवता आला पाहिजे. मोटर चाललीच नाही तर डाव्या हाताने रुमाल फिरवत उजव्या हाताने तेच टोक ओढायचं, आठ सेकंदांत साठ सेंटीमीटर. याची तालीम मोटरच्या तालमीइतकीच करा.